आधी खिडक्या उघडा, मेणबत्त्या नंतर

नवऱ्याला कोपनहेगनमध्ये नोकरी लागली आणि ऑक्टोबरअखेर आम्ही मुलीला घेऊन नाशिकहून तिथं राहायला गेलो. निघताना जावेनं माइक वायकिंगचं ह्यूगावरचं, म्हणजे डॅनिश लोकांच्या घरगुती उबदारपणावरचं पुस्तक दिलं. 2016 साली ते इंग्रजीत आलं आणि जगभर खपलं. डॅनिश लोक हिवाळ्यात मेणबत्त्या लावतात, पांघरूण घेऊन बसतात, गरम काहीतरी पितात आणि मजेत राहतात, एवढं मी त्यातून घेतलं. तिकडे जाणारे बरेच जण तेवढंच घेऊन जातात, म्हणून पुढचं सांगते.

नोव्हेंबरात दिवस भराभर आखडत गेला. डिसेंबरच्या मध्याला साडेआठनंतर सूर्य उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. तोही बहुतेक दिवस ढगांतच. सुपरमार्केटात छोट्या मेणबत्त्यांच्या मोठमोठ्या पिशव्या मिळतात. त्या आणल्या. रोज संध्याकाळी लावायच्या आणि थंडी नको म्हणून खिडक्या घट्ट लावून बसायचं. घर छान दिसायचं. मला मात्र आठ वाजेपर्यंत रडू यायचं.

त्यात मुलीचा खोकला जाईना. कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर काळी बुरशी. इमारतीची देखभाल करणारा माणूस आला. भिंत नीट पाहायच्या आधीच त्यानं विचारलं, "दिवसातून किती वेळा खिडक्या उघडता?" एकदाही नाही. कुकरची वाफ, स्टँडवर वाळणारे कपडे, तिघांचे श्वास, सगळी ओल घरातच साठत होती. खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नका, असं त्यानं सांगितलं. दिवसातून दोन-तीन वेळा समोरासमोरच्या सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. तेवढ्यात हवा बदलते, भिंती गार पडत नाहीत. मेणबत्त्यांच्या काजळीचे बारीक कण घरात साचतात, हे तिथले संशोधकही सांगतात. म्हणून त्या विझवल्यावरही हवा खेळवायची. भिंत पुसून, कपाट हातभर पुढे ओढून ठेवलं. खोकला हळूहळू गेला. बुरशी वाढली असती तर घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले गेले असते, ते वेगळंच.

डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाबद्दलही सांगितलं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी ते तिथं रोज घ्यावं असा सरकारी आरोग्य खात्याचाच सल्ला आहे. माझं रडू थोडं त्याच्या कमतरतेमुळेही असेल.

डिसेंबरातल्या एका रविवारी वरच्या मजल्यावरच्या आजींनी बोलावलं. तिथं थोरामोठ्यांनाही नुसत्या नावानं हाक मारतात. मला ते जमलं नाही, मी आजीच म्हणत राहिले. निरोपाच्या चिठ्ठीत वेळ होती दोन ते पाच. निघायची वेळही लिहिलेली पाहून मला जरा लागलंच. पण ते बरं असतं. आलेल्या माणसाला उठू की बसू असं होत नाही.

छताचा दिवा बंद होता. टेबलावर खाली टांगलेला डॅनिश डिझायनर पॉल हेनिंगसेनचा दिवा होता. 1958 सालच्या या दिव्यात बल्ब असा झाकलेला असतो की उजेड ताटावर पडतो, डोळ्यांत जात नाही. कोपऱ्यांत आणखी लहान दिवे. खायला एबलस्कीवर. आप्पेपात्रासारख्याच खाचांच्या तव्यात करतात, वर पिठीसाखर आणि सोबत जॅम. आजींनी ते फ्रीजरमधले आणून नुसते गरम केले होते आणि तसं सांगूनही टाकलं. मुलं लाल-पांढऱ्या कागदाची विणलेली हृदयं करत होती. नवऱ्याचा पगार, घराचं भाडं, कुणी काही विचारलं नाही. आजी तीन तास खुर्चीतून फारशा उठल्याच नाहीत. पाच वाजता सगळ्यांनी मिळून कप धुतले आणि आम्ही खाली आलो.

मग आम्ही नवऱ्याच्या एका सहकाऱ्याला कुटुंबासह बोलावलं. त्यानं डायरी काढून तीन आठवड्यांनंतरचा शुक्रवार दिला आणि बरोबर सहाला दारात हजर. मी मसालेभात, कोशिंबीर आणि साबुदाण्याची खीर, एवढंच केलं होतं. पुऱ्या मुद्दाम नाही केल्या. एरवी मी गॅसपाशी उभी आणि पाहुणे बाहेर, असंच झालं असतं. पहिल्यांदाच मी पाहुण्यांबरोबर जेवायला बसले.

एक गोष्ट मात्र पुस्तकातून माझ्यापर्यंत पोचली नव्हती. हे सगळं आपल्या माणसांपुरतं असतं. डॅनिश लोकांचे मित्र शाळेपासूनचे, शनिवार-रविवार आधीच ठरलेले. नव्या माणसाला कुणी वाईट वागवत नाही, पण बोलावतही नाही. आजी वर राहत होत्या हे आमचं नशीब. ज्यांना तशा आजी नाहीत त्यांनी शहरातल्या वेस्टरब्रो भागातल्या आब्सालोनला जावं. जुन्या चर्चमध्ये 2015 पासून लोकांसाठी चालवलेली ती बैठकीची जागा आहे. संध्याकाळी सहाला लांब टेबलांवर अनोळखी माणसं एकत्र जेवतात आणि वाढायचं काम आपसांत वाटून घेतात. पोहणं, गाणं, शिवण, कसला तरी क्लबही धरावा. तिथं ओळखी तशाच होतात.

ऑक्टोबरात जाणार असाल तर क्लबमध्ये नाव अंधाराचे दिवस सुरू व्हायच्या आधीच नोंदवा. आब्सालोनच्या जेवणाचं तिकीटही आधी काढलेलं बरं.