ओल्या डिस्कला वीज दिली तेव्हा

पुरात भिजलेली हार्ड डिस्क चालू करून पाहायची नसते. तसं बजावून सांगितलं, वर चिठ्ठीही चिकटवली, तरी ती चालू केली गेली. प्रस्तुत लेखिकेच्या मनातून हा राग अजून गेलेला नाही.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काय झालं हे नागपूरकरांना सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला, नाग नदी वस्त्यांत आणि मोर भवन बसस्थानकातल्या बसगाड्या पाण्यात. अंबाझरी लेआउटमधले तळमजले बुडाले, त्यात लेखिकेचंही घर होतं. पुढे पंचनाम्यात फ्रिज आला, गाद्या आल्या, धान्य आलं. कपाटाच्या खालच्या खणातल्या एक्स्टर्नल डिस्कचा उल्लेख कुठेच नव्हता. त्या डिस्कमध्ये वडिलांनी वडसा-ब्रह्मपुरीकडच्या मंडईत टेपरेकॉर्डर घेऊन बसून टिपलेली पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीची नाटकं होती. मूळ कॅसेटी बुरशीने आधीच गेलेल्या.

डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला हजारो फेऱ्या घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड असतो. बहुतेक डिस्कना हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं. त्याला गाळणी असते, पण ती धुळीसाठी, पुरासाठी नव्हे. पाणी तिथून शिरतं आणि सोबत गाळ नेतं. म्हणून अशी डिस्क वाळवायची नाही, तांदळात ठेवायची नाही, ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवायची. लेखिकेला हे ठाऊक होतं.

बिघडलेला लॅपटॉप दुरुस्तीला नेला, तेव्हा घाईत त्याच पिशवीतून डिस्कही गेली. दुरुस्ती करणाऱ्याने चिठ्ठी वाचली. "काही नाही होत ना मॅडम, लावूनच पाहतो," असं फोनवर म्हणाला. "नका लावू," असं दोनदा सांगितलं. त्याने हेअर ड्रायरने ती वाळवली आणि यूएसबीला लावली. स्क्रीनवर क्षणभर डिस्कचं नाव उमटलं. घात झाला तो तिथेच. नाव दिसलं म्हणजे डिस्क जिवंत आहे असं त्याला वाटलं, आणि टक टक आवाज सुरू झाल्यावरही तो केबल काढून पुन्हा पुन्हा लावत राहिला. त्या प्रत्येक वेळी वाळलेल्या गाळातून हेड तबकडीवर घासत होतं. माहिती असते ती तबकडीवरच्या अतिशय पातळ चुंबकीय थरात. तो थर खरवडला गेला, की जगातला कुठलाही तज्ज्ञ तिथलं काही परत आणू शकत नाही. पुराने फक्त गाळ आत नेला होता. नाटकं पुसली गेली ती त्या टेबलावर.

अतिशयोक्ती वाटत असेल तर कोलंबिया यानाचं उदाहरण घ्या. 1 फेब्रुवारी 2003 रोजी ते आकाशात फुटलं, कल्पना चावला आणि तिचे सहकारी गेले. अवशेषांत झेनॉन वायूवरच्या प्रयोगाची एक जळकी हार्ड डिस्क सापडली. क्रोल ऑनट्रॅक या माहिती परत मिळवून देणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञांनी तिच्यातली सुमारे 99 टक्के माहिती वाचवली आणि 2008 मध्ये त्या प्रयोगाचा शोधनिबंधही छापून आला. आकाशातून पडलेल्या डिस्कच्या तबकड्या शाबूत होत्या म्हणून हे जमलं.

लेखिकेची डिस्क शेवटी मुंबईला गेली. धूळविरहित खोलीत तबकड्या धुतल्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची हेड्स बसवली, आणि जे वाचता आलं ते उतरवलं. बरीच नाटकं आली. काहींचे मधले प्रवेशच नाहीत. पात्र बोलायला तोंड उघडतं आणि थेट टाळ्या ऐकू येतात.

डिस्क भिजलेली नसेल, नुसती अडखळत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही विंडोजच्या 'चेक डिस्क'ने दुरुस्ती करू नका, कारण दुरुस्ती करताना ते त्याच आजारी डिस्कवर लिहितं. आधी डीडीरेस्क्यूसारख्या मोफत साधनाने पूर्ण प्रत घ्या. ते चांगला भाग आधी उचलतं, न वाचलेल्या जागांची नोंद ठेवतं, मग पुन्हा तिकडे वळतं. दुरुस्तीचे प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर. डिस्क टक टक वाजत असेल तर मात्र हेही नको. लगेच बंद करा.

तो दुरुस्तीवाला वाईट माणूस नव्हता. त्याच्याच दुकानात कमरेइतकं पाणी शिरलं होतं, आणि लॅपटॉपचे पैसेही त्याने घेतले नाहीत. नव्या डिस्क लेखिकेने त्याच्याकडूनच घेतल्या. तरीही त्याने केलं ते अक्षम्य होतं, असंच तिचं मत आहे.

झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या रंगभूमीचे जुने आवाज मात्र अजून घराघरांतल्या कॅसेटींत पडून आहेत. तुमच्या घरी अशी एखादी कॅसेट असेल तर ती याच महिन्यात उतरवून घ्या, आणि दोन प्रती करून त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा.