तपासले

“मॅडम, विमानाला रिव्हर्स गिअर असतो का हो?”

तिसरीच्या वर्गातून हा प्रश्न आला आणि मी गप्पच झाले. मुलांनो, बाईंना सगळेच येते असे तुम्हांला वाटते ना? तसे काही नसते बरे! सेलू तालुक्यातल्या आमच्या शाळेवरून विमाने जातात, पण ती इतक्या उंचावरून की खाली नुसती पांढरी रेघ दिसते. त्यांच्या गिअरचे मला काय ठाऊक? पण उत्तर देणारा माणूस माझ्या घरातच होता. माझा मोठा भाऊ, आमचा दादा.

दादा मुंबईच्या विमानतळावर कामाला आहे. तसे सांगितले की लोक लगेच विचारतात, “पायलट आहे का?” नाही. विमानाला जमिनीवर ज्या अवजड गाड्या लागतात, त्या दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांचा तो सुपरवायझर आहे. परभणीच्या आयटीआयमधून त्याने मोटार मेकॅनिकचा कोर्स केला, मग एसटीच्या कार्यशाळेत शिकाऊ म्हणून राबला आणि एके रात्री देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसून मुंबईला गेला. दिवाळीला तो दोन दिवस आधीच गावी आला, तेव्हा शाळेला सुटी लागली नव्हती. मी त्याला धरूनच वर्गात नेले.

दादाने खडू हातात घेतला आणि फळ्यावर विमान काढले. “विमान जमिनीवर चालतं ते चाकांच्या जोरावर नाही, तर इंजिनाच्या जोरावर. चाकांना गिअरच नसतो. मग प्रवासी बसल्यावर ते जागेवरून मागं कसं घ्यायचं? त्याला ट्रॅक्टरनं ढकलायचं.”

“नांगरायचा ट्रॅक्टर?” वर्ग खदखदून हसला.

“नाव तेच, पण हा बुटका अन् सपाट असतो. मोठ्या विमानाचं वजन भरल्यावर साडेतीनशे टनांच्या वरही जातं. ते ढकलताना ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरली तर? म्हणून तो मुद्दाम जड बनवतात. मोठे ट्रॅक्टर चाळीस-पन्नास टनांचे असतात. ट्रॅक्टर अन् विमान यांच्यामध्ये बऱ्याचदा एक लांब लोखंडी दांडा लावतात. त्यात एक पिन असते, ती मुद्दाम कच्ची ठेवलेली. ताण जास्त झाला की आधी पिन तुटते अन् विमानाचं पुढचं चाक वाचतं.”

“म्हणजे घरातल्या फ्यूजसारखं!” मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली.

दादा खूश झाला. मग त्याने बाकीच्या गाड्याही काढल्या. सामान वर चढवणारी पट्ट्याची गाडी. मोठमोठे डबे उचलणारी कैचीसारखी गाडी. उभ्या विमानाला वीज पुरवणारी जनरेटरची गाडी. तिची वीजही आपल्या घरातल्यापेक्षा वेगळी. आपली सेकंदाला 50 वेळा हेलकावते, विमानाची 400 वेळा. 8 डिसेंबर 2018 या एका दिवसात मुंबईत हजारावर विमाने उतरली आणि उडाली, हे ऐकून मुलांनी लगेच भागाकार केला. साधारण दर दीड मिनिटाला एक! त्यात एक गाडी बंद पडली की मागची सगळी रांग अडते.

दादाच्या कार्यशाळेत भिंतीवर एक फळा आहे. त्यावर प्रत्येक पान्याचा, पक्कडीचा आकार रंगवलेला. पाळी संपली की ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या आकारावर लागली पाहिजे. एक आकार रिकामा दिसला, तर पाना सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही.

“एका पान्यासाठी एवढं?” मी विचारले.

दादा म्हणाला, “पॅरिसजवळ 25 जुलै 2000 ला काँकॉर्ड विमान पडलं, 113 माणसं गेली. धावपट्टीवर हातभर लांबीची एक धातूची पट्टी पडली होती, तिच्यावरून या विमानाचं चाक गेलं. टायर फुटला, त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला अन् आग लागली. ती पट्टी थोड्याच वेळापूर्वी उडालेल्या दुसऱ्या विमानाची होती. दुरुस्तीत नीट बसवली नव्हती.”

वर्ग एकदम शांत झाला.

मधल्या सुटीत मुले खिचडी खायला बाहेर गेली. दादा माझ्या खुर्चीवर बसून टेबलावरच्या वह्या उगीच चाळत होता. चाळता चाळता थांबला.

“अगं, 503 वजा 178 किती?”

“325.”

“इथं 475 आहे. अन् खाली तुझी सही. तपासले.”

मी वही ओढून घेतली. त्या मुलीने वरच्या अंकातून खालचा जात नसेल तिथे खालच्यातून वरचा वजा केला होता. आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेले सात. मागची पाने उलटली. पंधरा दिवसांच्या वजाबाक्या तशाच होत्या, आणि प्रत्येक पानाखाली माझी लाल शाईतली सही.

“परीक्षेची घाई होती रे. माहिती भरायची, याद्या करायच्या. चाळीस वह्या कधी बघू?” मी म्हणाले. खरे तर मला रागच आला होता. जमिनीवरच्या गाड्या तपासणाऱ्याने माझ्या वह्या कशाला तपासाव्यात?

दादा लगेच काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “माझीबी एक सही अशीच झाली होती. घरी कुणाला सांगितलं नाही.”

पावसाळ्यातली रात्रपाळी होती. पट्ट्याच्या गाडीचा ब्रेक दुरुस्त करून मेकॅनिक म्हणाला, “साहेब, झालं काम, सही करा.” नियम असा, की सुपरवायझरने गाडी स्वतः चालवून, ब्रेक दाबून बघायचा आणि मगच सही करायची. पण बाहेर मुसळधार पाऊस, तिकडे विमान थांबलेले, फोन खणखणत होता. दादाने न बघता सही केली.

गाडी घेऊन ड्रायव्हर विमानाकडे निघाला. विमानाजवळ जाण्याआधी काही अंतरावर गाडी एकदा पूर्ण थांबवून ब्रेक तपासायचा, असा ड्रायव्हरसाठीही नियम असतो. त्याने तो पाळला. ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. ओल्या फरशीवरून ती सरकत गेली आणि विमानापासून वीतभर अंतरावर कशीबशी उभी राहिली.

“विमानाचा पत्रा किती जाड असतो माहितीय? कितीतरी ठिकाणी दोन मिलिमीटरसुद्धा नसतो. नुसता पोचा आला तरी तपासणी होईपर्यंत विमान उडत नाही. अन् न कळता उडालं तर...” दादाने वाक्य पुरे केले नाही.

“मग?”

“ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, साहेब, काही झालं नाही, जाऊ द्या. पण मी रात्रभर बसून राहिलो. सकाळी स्वतःच जाऊन लिहून दिलं. तीन आठवडे सही करायचा अधिकार काढून घेतला होता. मेकॅनिकचं काय करायचं, असं वरच्यांनी विचारलं. मी म्हणलं, चूक त्याच्या हातानं झाली, पण ‘ठीक आहे’ असं मी लिहिलंय.”

मला काय बोलावे ते सुचेना. दादा पुढे म्हणाला, “मी लिहून दिलं म्हणून तसल्या सगळ्या गाड्या पुन्हा तपासल्या. आणखी एकीचा ब्रेक तसाच निघाला. गप्प बसलो असतो तर?”

घंटा झाली. मुले हात पुसत आत आली. मी ती वही घेऊन त्या मुलीजवळ गेले. “बाळा, ही गणितं चुकली आहेत. आणि मी न बघताच सही केली. ती माझी चूक.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. बाई चुकतात हे तिला नवीन होते. मग हळूच म्हणाली, “मला वाटलं, बरोबर आहे. तुमची सही होती ना.”

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

दादा मागे उभा राहून ऐकत होता. त्याने तिला खडू दिला. शून्याच्या घरात हातचा कसा आणायचा, ते आम्ही दोघांनी मिळून फळ्यावर दाखवले. तिसऱ्या खेपेला तिचे तिने 325 आणले.

आता मी रोज चाळीस वह्या तपासत नाही. दहाच तपासते, पण प्रत्येक ओळ वाचते. उरलेल्यांवर सही करत नाही. मुले विचारतात, “मॅडम, माझी कधी?” मी सांगते, “उद्या. आज मी बघितलेली नाही.”

परवा त्याच मुलीने स्वतःचे प्रगतिपुस्तक परत आणून दिले. त्यावर तिच्या वडिलांची सही नव्हती. मी कारण विचारले.

“बाबा म्हणाले, आधी सगळं वाचतो, मग करतो. उद्या आणते.”

मी म्हटले, “चालेल. सावकाश आण.”