सगळे बँड आहेत, साहेब!

मागच्या गणपतीत आईसाठी नवा फोन घेऊन गावी गेलो होतो. गाव राजापूर तालुक्यात, बरंच आत. तिथे एकाच कंपनीचा टॉवर, आणि त्यावर नुकतंच ४जी आलेलं. घरातला शहाणा सॉफ्टवेअरवाला म्हणून मी आधी भरपूर अभ्यास केला होता. टॉवर ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे फोनला बँड २८ हवा. नेटवर यादी पाहिली, २८ आहे. दुकानदारही म्हणाला, "सगळे बँड आहेत, साहेब!" विषय संपला.

घरी मात्र फोन २जीच्या वर जाईना. कॉल लागायचा, पण साधा फोटो जायचा नाही. मी दोन-चार सेटिंग्ज बदलली, "येईल हळूहळू" म्हणालो आणि पुण्याला परत आलो.

पुढचे सहा महिने बाबांचे रिपोर्ट मला पाठवायला आई शेजारच्या काकूंकडे जात होती. काकूंचा फोन आमच्यापेक्षा निम्म्या किमतीचा, पण त्यावर ४जी यायचं. मी विचारलं की म्हणायची, "अरे, फोन चांगलाच असणार, तू आणलायस. मलाच नीट वापरता येत नाही."

शिमग्याला गेलो तेव्हा काकूंच्या फोनवर एक ॲप टाकून पाहिलं. बँड २८. मग आमच्या फोनचा खोका माळ्यावरून काढला. मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं! मी पाहिलेली यादी युरोपातल्या मॉडेलची होती. नाव तेच, रंग तोच, पण इथे विकलेल्या फोनला २८ नाहीच.

असं का? तर मोडेमच्या चिपला एखादा बँड समजणं वेगळं आणि फोनला तो पकडता येणं वेगळं. अँटेनापासून चिपपर्यंतच्या वाटेवर त्या बँडसाठी फिल्टरसारखे भाग लागतात. त्याला पैसे पडतात, म्हणून गरज नाही तिथे ते गाळतात. भारतात ७०० मेगाहर्ट्झ २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत कुणी घेतलाच नाही. २०२२ मध्ये जिओनं घेतला, तोही ५जीसाठी. मग ४जीचा बँड २८ गाळला तर कुणाला कळणार? गंमत म्हणजे खेड्यात हाच बँड कामाचा. फ्रिक्वेन्सी कमी, त्यामुळे लांब जातो, भिंतीतूनही बरा शिरतो.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "अपडेटमध्ये येईल." (हे वाक्य मीही क्लायंटला किती वेळा ऐकवलंय!) कधीकधी येतंही. डिसेंबर २०२२ मध्ये आयफोनवर भारतातलं ५जी अपडेटनंच सुरू झालं, कारण आतले भाग आधीपासून होते. पण जो फिल्टर बसवलाच नाही, तो कुठल्या अपडेटमधून येणार?

हा घोळ जुनाच. २०१२ मध्ये ॲपलनं ऑस्ट्रेलियात आयपॅड '४जी' म्हणून विकला. त्यातलं ४जी होतं अमेरिका-कॅनडाच्या कामाचं, तिथल्या १८०० मेगाहर्ट्झवर चालणारं नव्हतंच. कोर्टानं साडेबावीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

तेव्हा फोन घेताना नावावर जाऊ नका. खोक्यावरचा मॉडेल नंबर पूर्ण वाचा आणि त्याच नंबरची यादी शोधा. जमलं तर जिथे वापरायचाय तिथलं सिम घालून तिथेच बघा, परत करायची मुदत संपायच्या आत.

राग कंपनीचा आलाच, पण जास्त स्वतःचा. ऑफिसात आम्हीही 'सपोर्टेड'च्या यादीत न तपासलेल्या गोष्टी बिनधास्त टाकतो. कुणाची तक्रार आली नाही की सगळं चालतंय असं धरतो. तक्रार आईनंही केली नव्हती. ती मुकाट्यानं काकूंकडे जात होती.

असो. आईला दुसरा फोन घेतला. पहिला आता माझ्याकडे आहे, पुण्यात झकास चालतो. परवा बाबांचा रिपोर्ट आला, आईच्या स्वतःच्या नंबरवरून. खाली लिहिलं होतं, "गेला का रे?"