इतिहासाची उलटतपासणी

नियम एका वाक्यात मावतो. भाव मागच्या चार आठवड्यांच्या उच्चांकापलीकडे गेला की घ्यायचं, चार आठवड्यांच्या नीचांकाखाली गेला की विकायचं. भाकीत नाही, बातम्या नाहीत, ताळेबंदाची चिरफाड नाही. रिचर्ड डॉन्चियन यांचा हा नियम. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे आर्मेनियन स्थलांतरितांच्या घरी जन्मलेले हे गृहस्थ १९२९ च्या पडझडीत हात पोळल्यावर भावांच्या आलेखांकडे वळले. १९४९ मध्ये त्यांनी लोकांचे पैसे घेऊन वायदेबाजारात उतरणारा फंड काढला. असा सार्वजनिक फंड त्याआधी नव्हता.

पुढे १९८३ मध्ये शिकागोत रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या दोन मित्रांचा वाद रंगला. ट्रेडर घडवता येतो, की तो जन्मावा लागतो? डेनिस यांचं म्हणणं घडवता येतो. त्यांनी वृत्तपत्रांत जाहिरात दिली, निवडलेल्यांना दोन आठवडे शिकवलं आणि स्वतःचे पैसे त्यांच्या हाती दिले. सिंगापुरात पाहिलेल्या कासवांच्या पैदाशीवरून या चेल्यांचं नाव पडलं ‘टर्टल्स’. त्यांना शिकवलेला पहिला नियम असा: वीस दिवसांचा उच्चांक मोडला की आत, दहा दिवसांचा नीचांक मोडला की बाहेर. वीस दिवस म्हणजे कामकाजाचे चार आठवडे. डॉन्चियनच ते, फक्त बाहेर पडण्याची घाई थोडी जास्त. पाच वर्षांत टर्टल्सनी साडेसतरा कोटी डॉलर कमावल्याचं सांगितलं जातं. खुद्द डेनिस यांना मात्र ऑक्टोबर १९८७ च्या पडझडीचा जबर फटका बसला आणि १९८८ मध्ये त्यांनी काही वर्षांसाठी बाजारातून अंग काढून घेतलं.

टर्टल्सचे नियम आज कुणालाही फुकट वाचायला मिळतात. गुप्त सूत्राच्या शोधात क्लासची फी भरणाऱ्या मंडळींना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो.

मग या कामात करण्यासारखं उरतं काय? उरते ती चाचणी, म्हणजे बॅकटेस्ट. जुन्या भावांवर नियम चालवून पाहायचा. आजकाल हे काम लॅपटॉपवर काही सेकंदांत होतं आणि तिथेच घोटाळा होतो. पडद्यावर डावीकडून उजवीकडे चढत जाणारी रेघ उमटते आणि माणूस तिच्या प्रेमात पडतो. बरीच वर्षं याच कामात घालवलेल्या प्रस्तुत लेखकाचं मत असं, की बॅकटेस्टला आपल्याच बाजूने उभ्या राहिलेल्या साक्षीदारासारखं वागवावं. त्याने गोड साक्ष दिली की समाधान मानायचं नाही, उलटतपासणीला उभं राहायचं.

पहिला प्रश्न नेहमी एकच: हा भाव तुला खरोखर मिळाला असता का? शुक्रवार, १५ मे २००९. निफ्टी ३,६७१ वर बंद झाला. शनिवारी लोकसभेचे निकाल लागले आणि सोमवारी, १८ मेला, बाजार उघडताच वरच्या सर्किटला जाऊन थांबला. दोन तासांनी पुन्हा उघडला आणि लगेच दिवसभरासाठी बंद झाला. निफ्टी ४,३२३, एका दिवसात १७.७ टक्के वर. आता समजा, एखादा नियम शुक्रवारी विकून बसला होता आणि त्याचा स्टॉप लॉस ३,७५० ला होता. साधा बॅकटेस्ट बिनधास्त लिहितो की ३,७५० ला सौदा कापला, तोटा ऐंशीएक अंकांचा. पण त्या सोमवारी ३,७५० ला विकायला बसलं होतं कोण? घ्यायला सगळा देश उभा होता, विकायला कुणी नव्हतं. खरा तोटा सहाशे अंकांच्या पुढचा. म्हणून स्टॉपचा सौदा नेहमी वाईटात वाईट शक्य भावाला धरावा. रेघ थोडी खाली येते, येऊ द्यावी.

याच जातीचा, पण अधिक लबाड घोटाळा बंद भावाचा. नियम म्हणतो, बंद भाव उच्चांकावर असेल तर घ्या, आणि प्रोग्राम त्याच बंद भावाला घेतोही. एनएसईवर वर्षानुवर्षे शेअरचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी राहिला आहे. तो कळतो तेव्हा बाजार मिटलेला असतो. न कळलेल्या भावावर निर्णय घेऊन त्याच भावाला खरेदी करणं हे फक्त प्रोग्रामलाच जमतं. दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावावर घ्या म्हटलं की निम्मी देखणी धोरणं तिथेच आडवी पडतात.

साक्षीदार काय बोलतो याइतकंच तो कुणाला घरी ठेवून आला हेही विचारावं लागतं. आजच्या निफ्टीतल्या पन्नास शेअरवर वीस वर्षांचा बॅकटेस्ट चालवला, तर निकाल छानच येणार, कारण यादीच जगलेल्यांची आहे. २००८ च्या सुमारास याच निर्देशांकात सत्यम होता, युनिटेक होता, रिलायन्स कम्युनिकेशन्स होता, सुझलॉन होता. त्या वेळी नवा उच्चांक गाठणारे शेअर घेणाऱ्याच्या पदरात हेही पडले असते. त्यांना वगळून केलेली चाचणी म्हणजे नापासांची नावं खोडून लावलेला शाळेचा निकाल. उलट्या बाजूची गंमतही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजने एकास एक बोनस दिला आणि भाव रातोरात निम्मा दिसू लागला. आकडे सुधारून घेतले नसतील, तर प्रोग्रामला ती ऐतिहासिक मंदी वाटते आणि तो विकून मोकळा होतो.

आणि कधी आकडे खरे असूनही अशक्य वाटतात. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. मुंबईत एमसीएक्सनेही एप्रिलच्या सौद्यांचा हिशोब पिंपामागे उणे २,८८४ रुपयांनी केला. भाव शून्याखाली जाऊ शकतो ही शक्यता ज्यांच्या गणितात नव्हती, त्यांचे टक्केवारीवर उभे असलेले सगळे हिशोब त्या दिवशी निरर्थक झाले.

इथवरचे दोष तरी सापडणारे आहेत. चाचणी करणाऱ्याच्या स्वतःच्या उत्साहातून येणारा दोष सापडत नाही, कारण तो कोडमध्ये नसतो. डेव्हिड लाइनवेबर या अमेरिकी संशोधकाने नव्वदच्या दशकात याची झकास थट्टा केली. अमेरिकी शेअर निर्देशांकाशी काय काय जुळतं, हे त्यांनी आकडेवारीच्या ढिगात शोधलं, तर सापडलं बांगलादेशातलं लोणी! तिथल्या लोण्याच्या उत्पादनावरून एस अँड पी ५०० चे ७५ टक्के चढउतार ‘समजत’ होते. जोडीला अमेरिकेतलं लोणी, चीज आणि मेंढ्यांची संख्या घातली की ९९ टक्के. थट्टा होती, तरी लोण्याचे ताजे आकडे मागणारे लोक त्यांना भेटत राहिले.

आपल्याकडचं लोणी असं तयार होतं. आत शिरायला १० ते १०० दिवस, पाचापाचाच्या टप्प्याने: १९ पर्याय. बाहेर पडायला ५ ते ५० दिवस: १० पर्याय. स्टॉप दिवसाच्या सरासरी चढउताराच्या एकपट ते चौपट, अर्ध्या-अर्ध्याने: ७ पर्याय. झाली १,३३० धोरणं. त्यातलं पहिलं आलेलं धोरण उत्तम दिसणारच, बाजारात कल असो वा नसो. म्हणून पहिल्या नंबराकडे पाहायचं नसतं, त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहायचं असतं. ३५ दिवसांना घसघशीत नफा आणि ३० व ४० दिवसांना तोटा, तर ते ३५ निव्वळ योगायोग. २० पासून ७० पर्यंत सगळीकडे बरा-वाईट का होईना नफा दिसत असेल, तर काहीतरी असावं. शिवाय किती पर्याय चालवून पाहिले याची वही ठेवावी. ती वही न दाखवता केवळ विजेता दाखवणाऱ्याचा बॅकटेस्ट वाचूच नये.

खर्चाचं काय? तो सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे तो कमी धरतात. १ ऑक्टोबर २०२४ रोजी फ्युचर्सच्या विक्रीवरचा एसटीटी हा कर ०.०१२५ टक्क्यांवरून ०.०२ टक्के झाला. वीस लाखांच्या सौद्यामागे २५० चे ४०० रुपये. महिन्यातून एकदा सौदा करणाऱ्याला हे जाणवत नाही, दिवसातून चारदा करणाऱ्याचं धोरण यात बुडू शकतं. संथ नियमांचा हा मोठा फायदा, पण संथ नियम कुणाला आवडत नाहीत.

सगळ्यात कठोर प्रश्न शेवटी विचारावा: चाचणीतले सर्वांत मोठे पाच नफ्याचे सौदे वगळले तर काय उरतं? कल धरून चालणाऱ्या बहुतेक नियमांचं उत्तर ‘फारसं काही नाही’ असंच येतं. हा दोष मानायचं कारण नाही, या धंद्याचा स्वभावच तो. निफ्टीचे फ्युचर्स जून २००० मध्ये सुरू झाले. एवढ्या काळात खरोखर मोठे कल मोजकेच आले. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस निफ्टीने वीस दिवसांचा नीचांक मोडला तेव्हा तो साडेअकरा हजारांच्या आसपास होता, नियमाने विकलं. २३ मार्चला तो ७,६१० वर बंद झाला. दहा दिवसांच्या उच्चांकाला बाहेर पडणारा माणूस तळाला बाहेर पडला नाही, एप्रिलच्या उसळीत हजारावर अंक परत देऊनच पडला. तरीही पुढची काही वर्षं पोसणारा असा तो सौदा होता. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात ‘आता फारच पडलंय’ म्हणून जो थांबला, त्याच्याकडे नियम होता, पण त्याचा नफा नव्हता.

आणि अशा सौद्यांच्या मधला काळ कसा असतो? मे २०२४ च्या अखेरीस निफ्टीने नवा उच्चांक केला, नियमाने घेतलं. ३ जूनला एक्झिट पोलच्या जोरावर बाजार आणखी सव्वातीन टक्के चढला. ४ जूनला निकाल लागता लागता जवळपास सहा टक्के कोसळला आणि स्टॉप उडाला. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, निफ्टी २३,२९० वर म्हणजे ३ जूनच्याही वर बंद झाला. वर घेतलं, खाली विकलं, पुन्हा वर घ्यायचं. घरच्यांना हे समजावून सांगता येत नाही.

या नियमांत शंभरातले साठ-पासष्ट सौदे तोट्याचे जातात. पासष्ट धरले, तर शंभर सौद्यांत कुठेतरी सलग आठएक तोटे येणं ही गणिती अपेक्षा आहे, अपवाद नव्हे. आठव्या तोट्यानंतर नववा सौदा तितक्याच शांतपणे घेणारी माणसं थोडी. अनुभवी संस्थांनाही हे झेपत नाही. २००८ मध्ये जगभरचे शेअरबाजार कोसळत असताना कल धरून चालणाऱ्या फंडांनी कमाई केली, पैशाचा ओघ लागला आणि पुढची बरीच वर्षं कोरडी गेली. या क्षेत्रातलं दिग्गज नाव, बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे मालक जॉन हेन्री यांच्या कंपनीने २०१२ मध्ये ग्राहकांचे पैसे सांभाळणं थांबवलं. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, शेअर आणि रोखे दोन्ही पडत असताना या फंडांचा प्रमुख निर्देशांक २७ टक्क्यांच्या आसपास वाढला. मधल्या दशकात जे निघून गेले, त्यांच्यासाठी हा आकडा नव्हता.

त्यामुळे सौदा किती मोठा घ्यायचा हे ठरवणं नियमाहून महत्त्वाचं. टर्टल्सचं गणित सोपं होतं: बाजार एका दिवसात सरासरी जेवढा हलतो, तेवढा हलला तर खात्याचा एक टक्का हलावा, इतकाच माल. निफ्टी दिवसाला २५० अंक हलतो असं धरा. २०२५ मध्ये लॉट ७५ चा होता, म्हणजे एका लॉटमागे १८,७५० रुपये. पन्नास लाखांच्या खात्याचा एक टक्का ५० हजार, म्हणून दोन लॉट. दहा लाखांच्या खात्याचा एक टक्का १० हजार. उत्तर अर्धा लॉट, आणि अर्धा लॉट मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने सौद्याचं किमान मूल्य १५ लाख केल्यावर लहान खात्यांची ही अडचण वाढलीच. शिवाय टर्टल्सकडे रोखे, चलनं, कॉफी, साखर, सोनं, तेल असे वीसेक बाजार होते. एकात मार पडला तर दुसऱ्यात भरून निघे. एका निफ्टीवर ती सोय नाही.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्क्यांनी तोटा केला, एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. दहा लाख घेऊन बॅकटेस्टची सुंदर रेघ पाहत बसलेल्या वाचकाने वरचा भागाकार आधी स्वतःच्या आकड्यांनी करून पाहावा. उत्तर एकाहून कमी आलं, तर हे फ्युचर्स त्याच्यासाठी नाहीत.