कुलूप काढल्यानंतरचं वर्ष

पिंपरीतल्या एका शाळेच्या ग्रंथालयाचं काम वर्षभर पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. ग्रंथालयाचं वर्ष कसं गेलं, हे देवघेवीच्या वहीवरून ठरवावं; कार्यक्रमांच्या अहवालाला त्यानंतरची जागा द्यावी. कार्यक्रम आमच्याकडेही झाले. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, मधे ग्रंथप्रदर्शन आणि कथाकथन. त्या त्या आठवड्यात वहीची पानं भराभर भरली आणि पुढच्याच आठवड्यात नोंदी पुन्हा रोडावल्या. ज्या वर्गांना वेळापत्रकात दर आठवड्याला पुस्तकाची एक तासिका ठरवून दिली, त्यांच्या नोंदी मात्र कार्यक्रम असो वा नसो, चालूच राहिल्या. याच शहरात जानेवारी 2016मध्ये 89वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अशा सोहळ्याचं मोल मी कमी मानत नाही. कारखान्यांनी घडवलेल्या गावाला आपल्या भाषेचा असा उत्सव हवाच. पण वाचायला नुकतंच शिकलेलं मूल दर आठवड्याला नवं पुस्तक मागतं, आणि ती भूक सोहळ्याच्या तारखेची वाट पाहत नाही.

हिशेब साधा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षात किमान 220 दिवस शाळा भरते. परीक्षा आणि सुट्ट्यांचे मोडके आठवडे वगळले तरी तीसेक आठवडे हाती राहतात. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकानं आठवड्याला एक पुस्तक घरी नेलं तर वर्षाला बाराशे वेळा पुस्तक हातात पडतं. त्यासाठी बाराशे पुस्तकं लागत नाहीत. शंभर-सव्वाशे चांगली, पातळ, चित्रांची पुस्तकं फिरती राहिली तरी पुरतात. समग्र शिक्षा अभियानात ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांची तरतूद आहे. तेव्हा पुस्तकं नाहीत म्हणून वाचन अडतं, असं मला आता वाटत नाही. पुस्तकं कपाटात असतात, कपाटाला कुलूप असतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना आणखी चार वर्गांचं काम असतं. प्राथमिक शाळेला स्वतंत्र ग्रंथपालाचं पद नसतं, म्हणून ग्रंथालयाचा चार्ज कुणातरी शिक्षकाकडे जास्तीचं काम म्हणून येतो.

‘मुलं पुस्तकं हरवतात, फाडतात, मग जबाबदार कोण?’ हा आक्षेप त्या शिक्षकांकडूनच येतो आणि तो पोकळ नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो. बदली झाली की चार्ज देताना तो क्रमांक दाखवावा लागतो, आणि पुस्तक नसेल तर भरपाईची धास्ती असते. अशा वेळी कुलूप लावणारा माणूस आळशी नसतो, धास्तावलेला असतो. म्हणून उपदेशानं काही होत नाही. नियम बदलावा लागतो. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक शहाणी सोय आहे: वर्षात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. महापालिकेच्या किंवा खासगी शाळेला तो नियम आपोआप लागू होत नाही, पण त्यातलं तत्त्व शाळा समितीच्या ठरावात आणता येतं. बाराशे देवघेवींमागे सहा पुस्तकं. पन्नास-साठ रुपयांच्या पुस्तकांचा हा खर्च चारशे रुपयांच्या आतच राहतो. बंद कपाटात कसर आणि वाळवी याहून कितीतरी जास्त खातात, फक्त त्याची नोंद कुठं होत नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत टूल क्रिबमधून हत्यार देताना ते झिजणार हे धरलेलंच असतं. ड्रिल बोथट होईल म्हणून कुणी ते काढून घेत नाही. या पट्ट्यातल्या पालकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, त्यांचा रोजचा व्यवहारच तो आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच नियमांतला पहिलाच नियम पुस्तकाच्या वापराबद्दलचा आहे, तो उगीच नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: ज्यांना अजून धड वाचताच येत नाही, त्यांना पुस्तक देऊन काय उपयोग? इथल्या वर्गांत मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुलं असतात, तशी घरी हिंदी, भोजपुरी किंवा कन्नड बोलणारीही. भाड्याची खोली बदलली की वर्षाच्या मध्येच शाळा बदलते. यातल्या अनेकांचं वाचन इयत्तेच्या मागं आहे, हे खरंच. पण आधी वाचता येऊ दे, मग पुस्तक देऊ, ही अट म्हणजे पोहता आल्यावरच पाण्यात उतरण्याची परवानगी. इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार पुस्तकं लावणं, ही वर्षातली सगळ्यात कामाची सुधारणा ठरली. ‘स्टोरीवीव्हर’ या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळानं गोष्टींच्या चार पातळ्या केल्या आहेत, तोच धागा धरून पुस्तकांच्या पाठीवर रंगाच्या पट्ट्या चिकटवल्या. सातवीच्या मुलाला पहिल्या पातळीचं पुस्तक घेताना संकोच वाटू नये, म्हणून रंगांना इयत्तेची नावं मुद्दाम दिली नाहीत. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत चित्रंच इतकं बोलतात की अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाच्याही हाती काहीतरी लागतं. मोबाइलवर हजारो गोष्टी फुकट असताना छापील पुस्तक कशाला, असंही विचारलं जातं. घरात फोन एकच असतो आणि तो सेकंड शिफ्टला वडिलांबरोबर कंपनीत जातो. पुस्तक घरी राहतं आणि धाकटी भावंडंही ते उघडतात.

मग कार्यक्रम बंद करावेत का? नाही, पण त्यांना एक अट घालावी: ज्या गोष्टीचा कार्यक्रम, तिचं पुस्तक त्याच दिवशी घरी नेता आलं पाहिजे. पालघर जिल्ह्यात ‘क्वेस्ट’ संस्थेचा ‘गोष्टरंग’ हा उपक्रम बालसाहित्यातल्या गोष्टी मुलांसमोर नाट्यरूपात सादर करतो. गोष्ट डोळ्यांसमोर जिवंत झाली की तिचं पुस्तक मागावंसं वाटतं, आणि त्या क्षणी कपाट उघडं असावं लागतं. व्यासपीठाच्या सजावटीवरचा खर्च त्याच पुस्तकाच्या आणखी पाच प्रतींवर करावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, तो मे महिन्याचा. वार्षिक परीक्षेआधी सगळी पुस्तकं गोळा करून कपाट लावून घ्यायचं, ही जुनी रीत आहे आणि हिशेबाला ती सोयीची आहे. पण त्याच सुट्टीत मुलं बीड, लातूर, बुलढाण्याला गावी जातात, दुपारी मोकळी असतात आणि तिथं बहुधा एकही गोष्टीचं पुस्तक नसतं. यंदा प्रत्येक मुलाला तीन पुस्तकं देऊनच सुट्टीला पाठवावं, असा प्रस्ताव मी मांडला आहे. काही मुलं जूनमध्ये परतणार नाहीत, त्यांच्याबरोबर पुस्तकंही जातील. तेवढी जागा सोडूनच नव्या खरेदीची यादी केली आहे.