तिसरे उत्तर

संगणकाला ‘होय’ आणि ‘नाही’ ही दोनच उत्तरे कळतात, असे आपण मानत आलो आहोत. परंतु लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, बांधावयास बसले की हा समज लवकरच गळून पडतो. तेथे बहुतेक घटकांविषयीच्या प्रश्नाला तीन उत्तरे संभवतात. ‘होय’ म्हटले तर घटक गाभ्यातच बांधला जातो. ‘नाही’ म्हटले तर वगळला जातो. आणि ‘मॉड्यूल’ म्हटले तर तो स्वतंत्र फाइल होऊन बाजूला राहतो व गरज पडेल तेव्हा चालत्या गाभ्याला येऊन मिळतो. कोलकात्यातील काही जुनी यंत्रे उपयोगात राहावीत म्हणून त्यांच्यापुरता आटोपशीर गाभा बांधण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा या तिसऱ्या उत्तराशी माझा परिचय झाला.

अडचण उद्भवते ती ऐच्छिक नात्यांत. नेटवर्क कार्ड चालविणाऱ्या ड्रायव्हरचे उदाहरण घेऊ. अनेक कार्डांत सूक्ष्म वेळ राखणारे घड्याळ असते आणि त्यासाठी ड्रायव्हर पीटीपी नावाच्या घटकाचे साहाय्य घेतो. मात्र घड्याळावाचून कार्डाचे अडत नाही. पीटीपी गाभ्यात असेल तर ठीकच. मुळीच नसेल तरी ठीक, कारण त्याच्या जागी नावापुरती रिकामी फंक्शने ठेवलेली असतात. बिघडते ते मधल्या स्थितीत. ड्रायव्हर गाभ्यात आणि पीटीपी मॉड्यूल, अशी निवड झाली की गाभा जोडताना लिंकर त्या फंक्शनांचा शोध घेतो. ती बाहेरच्या फाइलीत असल्याने त्यांचा पत्ता लागत नाही, आणि बांधणी थांबते. दोन्ही घटकांतील प्रत्येक ओळ निर्दोष असते. दोष असतो तो नात्याच्या उच्चारात.

या दोषावरचा उपाय प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटतो. ड्रायव्हरच्या वर्णनात लिहावयाचे, ‘हा पीटीपी असण्यावर किंवा पीटीपी नसण्यावर अवलंबून आहे.’ द्विमूल्य तर्कशास्त्रात हे विधान सदैव सत्य, म्हणूनच निरर्थक. परंतु 2002 मध्ये लिनक्समध्ये आलेल्या केकॉन्फिग या भाषेत ‘नाही’चे मूल्य 0, ‘मॉड्यूल’चे 1 आणि ‘होय’चे 2. ‘किंवा’ म्हणजे दोहोंतील मोठे मूल्य, आणि नकार म्हणजे 2 मधून वजाबाकी. पीटीपी ‘होय’ असेल तर उत्तर 2. ‘नाही’ असेल तरीही 2. ‘मॉड्यूल’ असेल तर मात्र 1 आणि त्याचा नकारही 1. हे उत्तर ड्रायव्हरची कमाल मर्यादा ठरविते. निरर्थक भासणारे ते वाक्य एवढेच सांगत असते, की तू बाहेर राहणार असशील तर मीही बाहेरच राहीन.

दोहोंपलीकडच्या विधानांचा असा विचार कोलकात्याला नवा नाही. बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1954 मध्ये संख्याशास्त्राच्या पायाभूत तत्त्वांविषयी लिहिताना जैनांच्या स्याद्वादाचा आधार घेतला होता. 1957 मध्ये, ज्या वर्षी जे. बी. एस. हाल्डेन त्या संस्थेत आले त्याच वर्षी, त्यांचा स्याद्वादावरील लेख संस्थेच्या ‘संख्या’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. याच संस्थेत 1950 च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडहून आणलेला संगणक बसविण्यात आला होता. कर्नेलच्या त्रिमूल्य तर्काचा आणि त्या चिंतनाचा काही ऐतिहासिक संबंध आहे, असे मला सुचवायचे नाही. ‘कोणत्या अपेक्षेने?’ असे विचारल्याखेरीज होकार-नकाराला अर्थ येत नाही, ही जाणीव मात्र दोन्हींकडे आहे.

माझ्यापुरता प्रश्न तात्त्विक नव्हता. त्यांतील एक यंत्र उपकरणांची मापने वेळेसह नोंदवीत असे. बांधणी अडली तेव्हा एक जवळची वाट होती. घड्याळ हाताशी येत नसेल तर ते नाहीच असे ड्रायव्हरने समजावे, अशी अट घालता येते. मग लिंकर तक्रार करीत नाही, गाभा बांधला जातो आणि यंत्रही सुरू होते. ज्याने घड्याळ मागितले होते त्याला ते मिळालेले नाही, एवढे मात्र कोणी त्याला सांगत नाही. नोंदी होत राहिल्या असत्या, पण त्यांची अचूकता घटली असती. घड्याळ सर्वांवर सक्तीने लादणे ही दुसरी वाट. तीत ‘ऐच्छिक’ या शब्दालाच अर्थ उरत नाही. मी नाते स्पष्ट लिहिण्याची वाट धरली.

कर्नेलकर्त्यांनाही हे सहज साधलेले नाही. 2017 च्या आरंभी आलेल्या 4.10 या आवृत्तीत एका घटकाने दुसरा केवळ सुचवावा, अशी सोय झाली. सूचना बंधनकारक नसल्याने बांधण्या पुढेही अडत राहिल्या. 2021 मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी पीटीपीसाठी एक वेगळे चिन्हच योजले. त्याच्या नावातच ‘ऐच्छिक’ हा शब्द आहे. घड्याळ नसेल तर ते ‘होय’ म्हणते, असेल तर घड्याळाचीच स्थिती धारण करते.

अडलेल्या बांधणीचा पूर्वी मला राग येई. आता तीत एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो. ऐच्छिक म्हणजे बेभरवशाचे नव्हे. ज्याच्यावाचून आपले चालू शकते, त्याच्याशीही आपले नाते नेमके काय हे सांगावेच लागते. किंबहुना तेथेच ते अधिक काळजीने सांगावे लागते, कारण तुटल्याचा आवाज तेथे सहसा होत नाही.