आठ दिवसांची सेवा

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सध्या बंगळूर येथे नोकरीस आहे. तेथील मंडळीतील तरुणांचा एक संघ दहा दिवसांकरिता नेपाळातील एका बालगृहात सेवेस जावयाचा होता. त्यात आपण सामील व्हावे की नाही, असे त्याने आम्हांस पत्राने विचारले. प्रवासखर्चाखेरीज संघाची वर्गणीही भरावयाची होती, आणि ती काही लहान नव्हती. "पैशाचे मला काही वाटत नाही; पण त्या मुलांना माझा उपयोग काय होईल, ते कळत नाही," असे त्याने लिहिले होते. प्रश्न चांगला होता. ज्याला असा प्रश्न पडतो त्याची निम्मी तयारी झालीच, असे आम्ही मानतो. उत्तर मात्र एका पत्रात मावण्याजोगे नव्हते. आणि योगायोग असा की, त्याच दिवाळीच्या सुटीत नववीच्या बारा विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही अशाच कामावर जाऊन आलो होतो. म्हणून ते उत्तर येथे विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढेही ठेवीत आहोत.

सेवेसाठी समुद्र ओलांडण्याची गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचे गाव वसविले. हे गृहस्थ १८७३ साली न्यूयॉर्क येथील मोठ्या ख्रिस्ती परिषदेस गेले होते, आणि मराठवाड्यातील दीनदुबळ्यांची गाऱ्हाणी त्यांनी पाश्चात्त्यांच्या कानी घातली. परंतु बालगृहांचा विषय निघाला म्हणजे प्रथम स्मरण होते ते पंडिता रमाबाईंचे. आईबाप दुष्काळात अन्नान्न करीत गेले, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. अनाथपण काय असते हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली गोळा करून आणिल्या, आणि १८९८ साली पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. पुढे १९०० च्या गुजराथेतील दुष्काळानंतर तेथे दीड हजारांहून अधिक जीव राहत होते. त्यांना विणकाम, छपाई, तेल गाळणे, शेती, दुधाचा धंदा असे पोटास लागणारे शिक्षण मिळे. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई हिने अमेरिकेतून ब्रेल लिपी शिकून आणली व तेथील आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले. हीच मनोरमाबाई १९१२ पासून निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे शाळा चालवीत होती.

मुक्तिसदनात परदेशी बायाही पुष्कळ आल्या; अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या. आमच्या माजी विद्यार्थ्याने त्यांच्या चरित्रांतली एक गोष्ट ध्यानात घ्यावी, असे आम्हांस वाटते. मिनी एब्रम्स नावाची अमेरिकन बाई मुक्तीत आली ती आपल्या देशातून उठून थेट नव्हे. १८८७ साली ती मुंबईस उतरली, तेथे दहाएक वर्षे काम केले, आणि मग केडगावचे काम अंगावर घेतले. १९१२ साली तिला मरण आले तेही हिंदुस्थानातच. अशा बाईस तेथील मुलींनी आपली मानली, यात नवल ते काय? दहा दिवसांच्या पाहुण्याची गोष्ट निराळी आहे. तो वाईट असतो असे नाही. निराळा असतो, इतकेच.

आता आमच्या स्वतःच्या खेपेविषयी. आम्ही गेलो ते बालगृह आपल्याच जिल्ह्यात, गंगाखेडच्या बाजूस आहे. त्याचे नाव देत नाही, कारण तेथील अधीक्षिकाबाईंस ते आवडणार नाही. तेथे चाळीस-पंचेचाळीस मुलेमुली आहेत. लोक त्यास अनाथाश्रम म्हणतात. परंतु पहिल्याच संध्याकाळी आम्हांस समजले की खरी अनाथ मुले त्यांत थोडी. बहुतेकांचे आई किंवा बाप, कोणाचे दोघेही, हयात आहेत. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतून दसरा झाला की ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या गाड्या भरतात, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि नवराबायकोने मिळून एक 'कोयता' व्हावयाचे! दोन माणसांस मिळून एका हत्याराचे नाव देणारा हा हिशेब आम्हांस नेहमीच बोचत आला आहे. त्या कोयत्यात लेकराला जागा नसते. आजी असली तर लेकरू गावी राहते, नसली तर उसाच्या फडात जाते. आणि घरात मृत्यू, व्यसन, आजार असे आणखी काही घडले म्हणजे बाल कल्याण समितीच्या हुकुमाने अशा बालगृहात येते.

अधीक्षिकाबाईंनी आमच्या मुलांस अंगणात बसवून नियम सांगितले. छायाचित्रे काढावयाची नाहीत. मुलांची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानेच मनाई आहे. कोणा एका मुलास निराळी भेट द्यावयाची नाही. "तुझे आईबाप कोठे?" असे विचारावयाचे नाही. शेवटचा नियम असा की, मुलांशी खेळणे हे तुमचे मुख्य काम नव्हे. तुमचे काम गोधड्या धुणे, पाण्याची टाकी घासणे, फाटकी पुस्तके चिकटविणे, आणि सकाळी भाकऱ्यांच्या वेळी चुलीपाशी हजर राहणे.

आमच्या मंडळींचे चेहरे उतरले. त्यांनी गाणी बसविली होती, कठपुतळ्या नेल्या होत्या. एकाने तर जादूचे प्रयोग शिकून घेतले होते! परंतु दोन दिवसांत त्या नियमातले मर्म कळू लागले. त्या घरात सांभाळणाऱ्या मावश्या तीन. पहाटेपासून त्यांचे हात कामात, आणि मुले त्यांच्या पदराभोवती. आमच्या मुलींनी गोधड्यांचा ढीग नदीकाठी नेला, तेव्हा एक मावशी कितीतरी दिवसांनी दुपारी ओसरीवर पाय पसरून बसली. पाहता पाहता सहा-सात लेकरे तिच्या मांडीपाशी येऊन लोळू लागली. एकीच्या केसांत बोटे फिरवीत ती आम्हांस म्हणाली, "लेकरायला पाहुणे लई येतात, सर. मलाच येळ भेटत नाही." आमची मुले त्या लेकरांजवळ बसली असती तर तेवढा वेळ बरा गेला असता, त्यांनी गोधड्या धुतल्या म्हणून लेकरांस त्यांची मावशी मिळाली. आमच्या माजी विद्यार्थ्याला द्यावयाचे उत्तर आम्हांस तेथे सापडले.

भाकरीचे मात्र आमच्या मंडळीस जमले नाही. पीठ मळून ती तळहातावर फिरविताच तिला भोके पडत. शेवटी त्या घरातीलच नऊ-दहा वर्षांची एक मुलगी पाटावर बसली आणि आमच्या नववीतल्या थोरामोठ्यांना शिकवू लागली. ती गंभीरपणे म्हणे, "पाणी कढत पाहिजे, दादा." तिच्या चेहऱ्यावर जे तेज होते, ते आम्ही नेलेल्या कठपुतळ्यांनी आले नसते.

पाचव्या दिवशी एक प्रसंग घडला. आमच्यातील एक विद्यार्थी स्वभावाने अत्यंत प्रेमळ. सहा वर्षांच्या एका मुलास त्याचा लळा लागला होता. बोलता बोलता तो त्यास म्हणाला, "मी नाताळात पुन्हा येईन बरं का!" हे अधीक्षिकाबाईंनी ऐकले. त्यांनी त्यास बाजूस घेतले आणि शांतपणे विचारले, "कोणत्या तारखेस? कितीच्या बसने? भाडे कोण देणार? घरी विचारले आहेस काय?" यांपैकी एकाचेही उत्तर त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आत्ताच जा आणि त्याला सांग, मला नाताळात येता येणार नाही." आम्हांस हे फार कठोर वाटले, आणि तसे आम्ही बोलूनही दाखविले. त्या बधल्या नाहीत. "सर, हा पोरगा दर रविवारी फाटकापाशी जाऊन उभा राहतो. आणखी एका माणसासाठी मी त्याला उभा करणार नाही."

विद्यार्थी गेला. त्याने खाली बसून, अडखळत, सांगितले. लहान मुलाने ऐकून घेतले, "बरं" म्हणाला, आणि हातातला भोवरा फिरविण्याच्या खटपटीस पुन्हा लागला. रडला तो आमचा विद्यार्थी. रात्री कितीतरी वेळ. आमच्या मनात मात्र त्या लहानग्याचे न रडणेच अधिक सलत राहिले. सहा वर्षांच्या लेकराला "बरं" म्हणणे इतके सवयीचे का व्हावे? जॉन बोल्बी नामक इंग्रज वैद्याने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईच्या किंवा आईच्या जागी असलेल्या एका स्थिर माणसाच्या मायेची मुलाला केवढी गरज असते, हे विस्ताराने सांगितले आहे. तो अहवाल आम्ही शिक्षणक्रमात वाचला होता. तो समजला त्या ओसरीवर.

परदेशांतील अनुभवही याहून वेगळा नाही. कंबोडियात बालगृहांची संख्या भराभर वाढली, ती अनाथ वाढले म्हणून नव्हे. युनिसेफच्या २०११ च्या अहवालाप्रमाणे तेथील बालगृहांतील चारांपैकी जवळजवळ तीन मुलांस आई किंवा बाप हयात होता. भेटीस येणारे परदेशी पाहुणे व त्यांचा पैसा यांमुळे या वाढीस हातभार लागला, असे दिसून आले. २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आणि २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अशा स्वयंसेवी सहलींतील धोक्यांकडे बोट दाखविले आहे. आपला २०१५ चा अधिनियमही बालगृह हा अखेरचाच उपाय मानतो. आणि आमच्या पालकवर्गातील ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी हेही जाणून घ्यावे की, मूल नातलगांच्या घरीच वाढावे यासाठी महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिची मदत दरमहा २२५० रुपये करण्यात आली. कोणा शेजाऱ्याच्या घरी असे लेकरू असेल, तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाचा पत्ता त्यांस सांगणे व अर्ज भरून देणे, हीही एक सेवाच आहे. तिला पारपत्र लागत नाही.

म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यास आम्ही लिहिले ते असे: जावे, पण तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्या. तेथील मुलांचे आईबाप कोठे आहेत, आणि त्यांच्याकडे मुलांस परत नेण्यासाठी ते बालगृह काय करते? तू गेल्याने तेथील मावश्यांचे कोणते काम हलके होणार? आणि तू भरणार ती वर्गणी तशीच तेथे धाडली, तर कोणा एका मावशीचा वर्षाचा पगार निघेल काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आले आहे. तो यंदा गेला नाही.

परतल्यावर एका पालकांनी आम्हांस रस्त्यात गाठून विचारले, "मुलांना भांडी घासायला नेलं होतं का हो?" आम्ही म्हटले, "भांडी नव्हे, गोधड्या." ते हसले नाहीत. त्यांच्या चिरंजीवांनी मात्र घरी आल्यापासून स्वतःची चादर स्वतः धुण्याचा क्रम ठेविला आहे, असे त्यांच्या मातोश्रींकडून कळते.

बारांपैकी तिघे आता महिन्यातून दोन शनिवारी त्या बालगृहात जातात. तारखा आधी ठरलेल्या असतात, बसभाडे ते आपल्या खाऊच्या पैशांतून देतात, आणि पुढे जाणे होणार नसेल तर एक महिना आधी कळवावयाचे, असे त्यांनी अधीक्षिकाबाईंस लेखी दिले आहे. पाचव्या दिवशी रडलेला विद्यार्थी या तिघांत आहे. नाताळात तो गेला नाही. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी गेला. सध्या तिघेही तेथील पाचवीच्या मुलांस अपूर्णांक शिकवीत आहेत. वार्षिक परीक्षा संपल्यावर गोधड्या शिवण्याचे काम काढावयाचे आहे. त्यासाठी जुनी सुती लुगडी व धोतरे हवी आहेत. पालकांनी ती धुऊन, घडी करून शाळेच्या कार्यालयात आणून द्यावीत.